अठ्ठावीस रोपांवरची वीज

आमच्या पाड्यावरचे जानूबाबा विजेचं अंतर भाताच्या रोपांत मोजतात. वीज चमकली की हातातलं काम टाकून, चिमटीत नसलेलं रोप हवेत खोचायला लागतात. एक रोप, दोन रोप, तीन रोप. गडगडलं की थांबतात आणि जाहीर करतात, "सतरा! निघा, निघा!" मी मोबाइल लावून तपासलंय. त्यांचं एक रोप म्हणजे एक सेकंद, तीन रोपं म्हणजे एक किलोमीटर. माणूस चुकत नाही. हाच तर वैताग आहे.

बरं, आमच्याकडे चिखल पुरुष करतात, आवणी म्हणजे रोपं लावायचं काम बाया. बाबांनी जन्मात रोप लावलेलं नाही. "मग रोपं कशाला मोजता?" विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय पोरी? तू पत्रकं वाट."

मी पत्रकं वाटते. पाड्यावर वीजरोधक खांब बसवा, एवढीच मागणी. आवणीला वाकलेली बाई उघड्या खाचरात जाणार कुठं? साहेब लोक म्हणतात, फोनवर इशारा येतो की! कुठं येतो? आमच्याकडे रेंज टेकडीच्या माथ्यावर मिळते. म्हणजे वीज पडणार हे कळायला आधी टेकडीवर जाऊन उभं राहायचं!

यंदा मोर्चा नेला. कचेरीसमोर साठ माणसं, घोषणा रंगात आलेल्या, साहेब खिडकीशी आलेले. तेवढ्यात लांब चमकलं. बाबांनी हात वर केला. अख्खा मोर्चा गप्प. "अठ्ठावीस! आत चला!" आणि साठच्या साठ माणसं साहेबांच्याच व्हरांड्यात मांडी घालून बसली.

मी पेटले. "बाबा, वीज तिकडं खोडाळ्याला आहे!"

"मग? खोडाळ्याला माणसं नाय राहत?"

"मोर्चा मोडलात तुम्ही!"

"तीसच्या आत गडगडलं तर आडोशाला जा, असं तूच छापलंस ना? का नुसतं दुसऱ्यांसाठी छापतेस?"

बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. साहेब बाहेर आले, तेही हसत. "ताई, तुमच्या पाड्यावर वीज पडून कुणी दगावल्याची नोंदच नाही. नोंद नाही तर प्रस्ताव कसा पाठवू?"

"म्हणजे आधी कुणीतरी मरायचं?" मी ओरडले.

"नियम आहे."

बाबा उठले. "मेलीय साहेब. आमच्या घरातली. आवणीत. तेव्हा मीच सांगितलं, तापानं गेली."

बाबा फरशीकडे बघून बोलत होते. "मी बाजूला चिखल करत होतो. चमकलं. तिच्या हाताकडं बघून मोजलं. गडगडेपर्यंत बारा रोपं लावली तिनं. म्हणाली, जाऊ का घरी? मी म्हणलो, लांब हाय. एवढी जुडी संपव."

मी त्यांचा हात धरला. "बाबा, हे नका लिहून देऊ. उद्या हेच लोक म्हणतील, नवऱ्यानंच थांबवलं. खांब नव्हता हे कुणी म्हणणार नाही!"

"म्हणू दे. खांब येईल का त्यानं?"

साहेबांनी होकाराची मान हलवली. या वेळी नियम सांगितला नाही.

आत कारकुनानं रजिस्टर उघडलं. "मयताचं नाव?"

बाबा अडखळले. आमच्याकडे त्या वयाचा माणूस बायकोचं नाव घेत नाही. इतकी वर्षं शेजारी राहून ते मलाही माहीत नव्हतं. कारकुनानं टेबलावर पेन आपटलं. "नाव सांगा की, बाबा. मला दुसरी कामं आहेत."

"चंद्री," बाबा म्हणाले.

कारकून मान खाली घालून लिहू लागला. त्यानं पुन्हा विचारलं नव्हतं. तरी बाबा जरा मोठ्यानं म्हणाले, "चंद्री."