चुलीमागील भिंतीची बखर

"गिरिजे, चूल बदल, भांडी बदल, माझी ना नाही. पण चुलीमागची भिंत अशी राख, की सातवीला हळदीची बोटं उठली पाहिजेत आणि पुढल्या सातवीपर्यंत टिकली पाहिजेत." हे थोरल्या सासूबाईंचे अंतकाळचे बोल मस्तकी धरून, अन्नपूर्णामाईस ओल्या हातानेच नमस्कार करून, स्वयंपाकघर नामक राज्याचे वर्तमान लिहिले ते ऐसे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ वद्य पक्षी त्या राज्यात मोठी धामधूम जाहली. जुना ओटा पाडिला, खिडकी रुंद केली आणि शेगडी गॅलरीत मुक्कामास गेली. गिरिजाबाईसाहेबांणी त्या राज्याचा कारभार उभा जन्म एका मिणमिणत्या दिव्याखाली केला होता, त्यांस हर्ष मनात मावेना. धुळीने केस पांढरे जाहले, तरी दिवसातून दहादा जाऊन पाडलेली भिंत पाहून येत. शेगडीस हळदीचे बोट लावल्याविना चहा घेणे नाही, हा त्यांचा नित्यनेम, तो गॅलरीतही चालला, आणि त्याकारणे हळदीचा करंडा दिवसा पिशवीत व रात्री उशाशी असे.

आता ओट्यामागील भिंतीस टाइल कोणती, ही मसलत पडली. सून केतकी वहिनीसाहेब मोठ्या उमेदीच्या, त्या फोनवर चित्रे दाखवीत, आणि सासूसून डोक्यास डोके लावून मोरपंखी, शुभ्र, नक्षीदार ऐशा पाहात बसत. परंतु श्रावण शुद्ध सप्तमी समीप आली. ते दिवशी शीतलामाईचे व्रत, चूल पेटवणे नाही, आदल्या दिवशीचे शिळे जेवणे, आणि चुलीमागील भिंतीवर हळदीची सात बोटे उठवणे ही त्या घरची रीत. जुनी भिंत चुन्याची, तिने वर्षानुवर्षे बोटे धरली. नवी धरील की नाही, हा घोर बाईंचे पोटात, आणि स्वभाव तो मवाळ, म्हणोन त्या कोणास बोलिल्या नाहीत. दुकानात जावे, करंडा काढावा, नमुन्यावर ओले बोट टेकवावे, वाळू द्यावे, पुसून पाहावे, आणि हळूच "दुसरी बघू" म्हणावे. ऐशी कैक दुकाने जाहली.

मग हेमराजशेट म्हणोन टाइलांचे मातबर व्यापारी, त्यांचे ठाण्यावर दोघी चालून गेल्या. तेथे एक टाइल, दुधावरच्या सायीसारखी, पाहताच केतकीने सासूचा दंड धरिला, आणि बाईंचाही जीव तीवर गेला. मग बोट टेकले. शेटजींणी फडक्याने एका हातात पुसून दाखविले आणि छाती काढून म्हणाले, "बघा ताई, हळदीचं नाव नाही. गॅरंटी." बाईंचा चेहरा उतरला. शेटजी चकित होऊन वदले, "ताई, लोक माझ्याकडं हळद पुसायला येतात. लावायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

"आई, हिच्यात नको काय आहे ते तरी सांगा," केतकी म्हणाली.

"नको काहीच नाही गं, फार देखणी आहे. बोट टिकत नाही, एवढंच." आणि मग सासूबाईंचा बोल सांगितला.

केतकी वदली, "एवढंच होतं तर बोलायचं ना. मी आपली, तुम्हाला माझे रंगच पसंत नाहीत म्हणून झुरतेय."

बाई ओशाळून टाइल परत देऊ लागल्या, तो अंगठ्याची ओली हळद टाइलच्या पाठीस लागली होती, ती दृष्टीस पडली. शेटजींणी पुसली, जाईना. पाणी लावून घासली, जाईना. "पाठ आहे ती, भाजकी माती," शेटजी म्हणाले. "पाठ कोण बघतं? ती भिंतीत जाते."

"एक जाणार नाही," बाई हळूच म्हणाल्या, आणि किल्ला सर जाहल्याप्रमाणे दोघी भर दुकानात हसत सुटल्या.

घरी यजमान दामोदरपंतांणी टोला दिला, "आई वरून टाइल तपासायला येणार आहे का?"

"येणार नाहीत, म्हणून तर," बाई म्हणाल्या.

केतकीने तह ठरविला. "उलटी टाइल कोपऱ्यात लपवायची नाही, शेगडीच्या बरोबर मागं लावायची. आणि ह्या सातवीला पहिली बोटं मी उठवणार, सूर्य उगवायच्या आत. शब्द."

"आठाच्या आत तुला कधी सूर्य दिसलाय का?" पंत म्हणाले.

"बघाच बाबा."

गवंड्याने ती टाइल चूक समजोन दोनदा सुलटी केली, बाईंणी दोनदा हात जोडून उलटी करविली. षष्ठीस भिंत पुरी जाहली. अवघी सायीसारखी झळके, आणि मध्यभागी एक तांबडी चौकट कोरीच वाट पाहे. बाईंणी पुरणाच्या पोळ्या करून ठेविल्या आणि शेगडी विझवून, पुसून गॅलरीतून नव्या ओट्यावर आणिली.

एवंच, राज्य नवे जाहले, बोल जुना राहिला, उभय पक्षी संतोष. सप्तमीस झुंजुमुंजू होता गिरिजाबाईंणी उशाशी हात नेला, तो करंडा जागेवर नव्हता. त्यांणी डोळे मिटूनच घेतले. न्हाणीतले पाणी थांबले होते, आणि ओली पावले कोणास जाग न येईल अशा बेताने ओट्याकडे चालली होती.