हिंमतरावांच्या हातातली तार

"तार काढाले मिस्तरी कसाले? मन्हा डावा हातना खेळ शे!"

हिंमतराव पाटील असं म्हणाले की घरात काहीतरी पडतं, फुटतं नाहीतर पेट घेतं, हे प्रमिलाबाईंना लग्नापासून ठाऊक! गावच्या जिनिंगने, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याने, एकेकाळी आपल्या डायनामोवरून चार घरांना वीज दिली होती. पुढे लढाई लागली, तेल मिळेना, इंजिन थांबलं. दिवे गेले, तार मात्र राहिली, आणि लोंबकळायची तीही नेमकी कानबाई देवीच्या चौरंगावर! आज संध्याकाळी त्यावर कानबाई माय बसायची. तिच्या डोक्यावर ती उघडी तार? आणि उद्या इंजिन पुन्हा सुरू झालं म्हणजे?

प्रमिलाबाईंनी काल जिनिंगच्या करणसिंग मिस्तरीला गाठून बाहेरच्या खांबावरच तार तोडून घेतली होती. यजमान शेतातून आले ते जेवून लगेच घोरायला लागले. सांगायचं राहून गेलं. आणि आज श्रावणातला आदितवार! सूर्यनारायणाची पूजा होईपर्यंत प्रमिलाबाईंचं मौन!

त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली, मग बाहेर खांबाकडे बोट केलं.

"कापस ना वं, कापस! अन् बाहेर फेकस!" हिंमतराव म्हणाले. "इंजिन बंद शे. तारमा वीज कथाईन ई?"

तरीपण रेशमातून वीज जात नाही असं कुणीसं सांगितलेलं. म्हणून लग्नातलं पीतांबर निघालं. ते नेसून, पाटावर पाट रचून पाटील चढले. त्यांनी दोन्ही हातांनी तार धरली मात्र—

भोंऽऽऽ!

जिनिंगचा भोंगा! मागोमाग इंजिनाची धडधड!

हिंमतराव गोठले. वीज माणसाला धरून ठेवते, सोडत नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. आपण धरले गेलो, अशी त्यांची खात्रीच पटली! पाय लटलटू लागले, पाट खडखडू लागले, मिशा भादव्यातल्या कणसासारख्या हलू लागल्या.

"मले शिवू नका! कोणीच शिवू नका!"

त्याच क्षणी कानबाईची फुलं घेऊन शेजारच्या कौसाबाई आणि गजराबाई दारात उभ्या राहिल्या. समोर पीतांबर नेसलेले, हात वर करून थरथरणारे पाटील!

"माय वं! अंगमा उनी! कानबाई उनी!" पाटलांच्या अंगात देवी आली समजून कौसाबाईंनी लोटांगणच घातलं. "माय, मन्ही म्हैस दूध का बरं देस नही?"

"दूर व्हा! मरी जाशात!"

"कोपनी वं माय!" असं म्हणत गजराबाईंनी लांबूनच मूठभर कुंकू उधळलं. ते पाटलांच्या नाकात गेलं. शिंकांवर शिंका! बघता बघता अर्धी गल्ली ओसरीत जमली.

प्रमिलाबाई हातातली पळी हलवून नको नको करीत होत्या. मौन मोडावं का? पण जिवाला धोका नव्हता. धोका होता तो फक्त मिशीला! मायच्या दिवशी नेम मोडायचा, तोही मिशीसाठी? त्यांनी पूजा अशी उरकली की सूर्यनारायणही म्हणाला असेल, "अगं, हळू!" शेवटचा नमस्कार करून त्या उठल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"उतरा आता. काल करणसिंगने खांबावरच तार तोडली. वीज नाहीच हिच्यात."

हिंमतरावांनी तार सोडली. हात सुटले! ते खाली उतरले, पीतांबर झटकलं आणि खाकरले. तेवढ्यात गजराबाई बोलल्या,

"वीज नव्हती ना? मग थरथर कसानी व्हती?"

हिंमतरावांनी बायकोकडे पाहिलं. मायच्या नावाने खोटं चालणार नाही, असं तिची नजर सांगत होती. उभ्या जन्मात न उच्चारलेलं वाक्य पाटलांनी मोठ्या कष्टाने बाहेर काढलं.

"मी घाबरी गयथू."

"ऐका!" कौसाबाईंनी डोळे पुसले. "पाटील अन् घाबरतीन? माय अजून बोली ऱ्हायनी!"

"अरे, खरंच घाबरी गयथू!"

बायांनी पुन्हा कुंकू उधळलं.

विश्वास बसला तो एकट्या प्रमिलाबाईंचा. पण मौन सुटलेलं असूनही त्यांना काही बोलता येईना. तोंडात पदराचा बोळा होता, आणि देवासमोर इतकं हसणं बरं दिसत नाही!