ग्रंथपालांनी सिस्टीम बसवली

"उद्या सकाळी मी स्वतः नवी सिस्टीम बसवणार," असं ग्रंथपाल म्हणाले, आणि हे वाक्य आपल्याच तोंडून बाहेर पडलंय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला.

त्यांचा स्वभाव तसा नव्हता. निवृत्त होईपर्यंत वाचनालयात त्यांच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि ती कोणी मनापासून पाळली असेल तर त्यांनीच. बसमध्ये कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर माफी तेच मागत. पण मेहुणा समोर बसला की भल्याभल्यांचा तोल जातो, तिथे ग्रंथपालांची काय कथा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. विम्याच्या कचेरीतून सुटल्यापासून त्याला नवनवी सॉफ्टवेअरं घालून बघायचा नाद लागला होता. लोक जसे शर्ट बदलतात तसा तो कॉम्प्युटरची सिस्टीम बदलायचा. त्या रविवारी तो चहाला आला होता आणि ग्रंथपालांचा कॉम्प्युटर सुरू होण्याची वाट बघत बसला होता. या कॉम्प्युटरची ख्याती अशी, की सकाळी बटण दाबून वाटाणे सोलायला बसावं, आणि पातेलं भरलं की उठून बघावं. तोवर त्याची घरघर जरा कमी झालेली असायची.

हे जुनं धूड अजून का पाळलंय, असं मेहुण्याने विचारलं. त्याच्याकडे फुकटातली एक सिस्टीम होती, पिसासारखी हलकी. खिशातून पेनड्राईव्ह काढून त्याने टेबलावर ठेवला आणि तो लावून कुठलं बटण दाबायचं तेही सांगितलं. मग लगेच परत उचलू लागला. "राहू द्या दाजी, तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही चमच्याने फुंकून पाणी पिणारे."

त्यावर ग्रंथपालांची ती घोषणा झाली.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. तिला सगळी वसाहत 'शिवणाच्या बाई' म्हणायची. निवृत्ती वगैरे तिला मान्य नव्हती. सकाळचा शिवणवर्ग अजून चालूच होता. तिने हात पुसत एवढंच सांगितलं, "काय हवं ते बसवा. माझ्या पुस्तकाला धक्का लागता कामा नये."

हे पुस्तक म्हणजे घरातलं खरं दैवत. 'कापड न नासवता' असं त्याचं नाव. बाईंनी ते दोन वर्षं एका बोटाने टाइप केलं होतं, आकृत्याही स्वतः काढल्या होत्या. दुसऱ्या बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडला होता, ते कळफलकावर चालत नसे. कॉलरचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि या आठवड्यात सगळं छापखान्यात जायचं होतं. या पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तकं सांभाळायचं मला शिकवतेस होय?"

हे त्या दिवसातलं दुसरं मोठं वाक्य. माणूस घसरायला लागला की असा घसरतो.

सोमवारी बाई वर्गाला गेल्या आणि ग्रंथपालांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कामाला सुरुवात केली. ते वेडे नव्हते. नवी सिस्टीम घातली की जुनं सगळं पुसलं जातं, हे मेहुण्याने बजावलं होतं. म्हणून आधी आपल्या जवळच्या दुसऱ्या पेनड्राईव्हवर त्यांनी पुस्तकाची प्रत काढायला घेतली. स्क्रीनवर समोरच 'कापड न नासवता' असं चित्र होतं. बाई रोज त्यावरच टिचकी मारून पुस्तक उघडत. ते त्यांनी उचललं आणि पेनड्राईव्हवर ठेवलं. एवढं जाडजूड पुस्तक, शेकडो आकृत्या, आणि पापणी लवायच्या आत उतरलं. म्हातारा कॉम्प्युटर जाता जाता कसा चपळ झाला, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. तो त्यांनी पाहिला, आणि शोभेसाठी असेल म्हणून सोडून दिला.

मग त्यांनी मेहुण्याचा पेनड्राईव्ह लावला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि सांगितलेलं बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वरची म्हणत होती, 'आधी वापरून पाहा'. खालची म्हणत होती, 'बसवा'.

ग्रंथपालांनी बाणाची कळ दाबून खालची ओळ धरली. मग वरची धरली. मग वाटलं, मेहुणा काय म्हणेल, पुन्हा खालची. मग वाटलं, बायको काय म्हणेल, पुन्हा वरची. असं खालीवर इतकं झालं की विहिरीवरच्या रहाटालाही दम लागला असता. तेवढ्यात फोन वाजला. मेहुण्याचाच होता. "काय दाजी, घाबरलात ना?"

"छे," असं म्हणून ग्रंथपालांनी डोळे मिटले आणि एंटर दाबलं.

डोळे उघडले तर समोर निळंभोर आकाश! खाली सुबक चित्रांची रांग. घरघर नाही, खोकला नाही. ग्रंथपाल खुर्चीत ताठ बसले. त्यांनी लिहिण्याचं सॉफ्टवेअर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. हिशेबाचं उघडलं. चित्रं रंगवायचं उघडून त्यात एक बदकही काढलं. बदक मांजरासारखं दिसत होतं, पण स्वतः बसवलेल्या सिस्टीममध्ये काढलेलं होतं.

बदकाचं समाधान झाल्यावर त्यांनी कागदपत्रांचा कप्पा उघडला. तो रिकामा होता. पहिलं पुस्तक यायच्या आधी नवं कोरं कपाट असतं, तसा रिकामा. त्यांना धक्का बसला नाही, कारण हे अपेक्षितच होतं. त्यांनी आपला पेनड्राईव्ह लावला आणि 'कापड न नासवता' या चित्रावर टिचकी मारली.

काही झालं नाही. पुन्हा मारली. तेव्हा एक छोटी चौकट आली आणि नम्रपणे म्हणाली की हे चित्र ज्या फायलीकडे बोट दाखवतंय, ती फाईल सापडत नाही.

ग्रंथपालांनी चौकट वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. आणि मग त्यांना उमगलं. ते चित्र म्हणजे पुस्तक नव्हतंच. ते होतं पुस्तक कुठे ठेवलंय ते सांगणारं कार्ड! सारी नोकरी त्यांनी वाचकांना एकच गोष्ट समजावण्यात घालवली होती, की बाबांनो, कार्ड घरी नेऊ नका, कार्डात वाचायला काही नसतं, पुस्तक कपाटात असतं. आणि आज त्यांनी स्वतः एक कार्ड जपून खिशात घातलं होतं, आणि मागे वाचनालयाला काडी लावली होती.

त्यांनी मेहुण्याला फोन केला. मेहुण्याने पहिला प्रश्न विचारला, की 'बसवा'च दाबलंत ना? ग्रंथपालांना आठवेना. डोळे मिटलेले होते. पण आयुष्यात संशयाचा फायदा त्यांनी स्वतःला कधी दिला नव्हता. ते म्हणाले, बहुतेक. मग पुस्तकाचं सांगितलं. ताईला यातलं काय काय कळलंय, असं मेहुण्याने विचारलं. काहीच नाही, असं कळल्यावर त्याचा आवाज एकदम लहान झाला, शाळेत जाण्याच्या वयाचा.

"दाजी, पेनड्राईव्ह मी दिला हे सांगायलाच पाहिजे असं काही नाही ना?"

मग त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो कुठल्यातरी कचेरीत टेबलाखाली आडवा पडून वायरी जोडत होता. त्याने सगळं ऐकूनही घेतलं नाही. कशालाही हात लावू नका, दुपारी येतो, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

ग्रंथपालांनी ते शब्दशः घेतलं. हात लावायचा नाही म्हणजे बंदही करायचा नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आणि शेजारी खुर्ची घेऊन बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

बाई आल्या त्या कॉलर डोक्यात घेऊनच. आल्या आल्या टाइप करायला बसणार होत्या. ग्रंथपाल म्हणाले की तो तापलाय, त्याला जरा पडू दे. बाईंनी चादरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. तुम्हालाच कणकण आहे का, असं विचारलं. ग्रंथपाल तडक उठून भांडी घासायला गेले, तेव्हा तर बाईंची खात्रीच पटली.

भांडी घासता घासता ग्रंथपालांना एक कल्पना सुचली. पुस्तक कपाटातून गेलं असलं तरी लेखिका अजून घरात होती. जेवण झाल्यावर त्यांनी शक्य तितक्या सहजपणे विचारलं, "अगं, बाही कशी बेततात?"

बाईंचा हात हवेतच राहिला. संसाराला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने बटण कुठे आहे याखेरीज कपड्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

"तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

ऐकायचंय, ते म्हणाले. बाईंनी कात्री घेतली, जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि सांगायला लागल्या. माणसाचा खांदा गोल असतो आणि कापड सपाट, सगळं भांडण तिथे आहे. बाही मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खाचेपेक्षा, थोडी मोठीच कापायची, आणि ती वाढ चुणी न पडता जिरवायची. घरात नवी माणसं सामावून घेतात तशी, ओढायचं नाही, दाबायचंही नाही. ग्रंथपाल वर्तमानपत्राच्या कडेला भराभर उतरवून घेत होते. लिहिता लिहिता ते मध्येच थांबले. दोन वर्षं शेजारच्या खोलीतून टक टक आवाज येत होता. त्यातलं एक पानही त्यांनी वाचलं नव्हतं. जगातली सगळी पुस्तकं हाताळलेला माणूस, घरातलं तेवढं राहून गेलं होतं. आणि आता ते गेलंच होतं.

सांगता सांगता बाईंचं लक्ष कागदाच्या कडेकडे गेलं. "का लिहून घेताय? हे सगळं पुस्तकात आहे की."

ग्रंथपालांनी पेन खाली ठेवलं.

"पुस्तक नाहीये," ते म्हणाले. "मी पुसलं. कार्ड तेवढं ठेवलं."

बाई ओरडल्या असत्या तर ग्रंथपालांना बरं वाटलं असतं. पण बाईंनी कात्री मिटून डब्यात ठेवली, उठल्या, आणि कॉम्प्युटरवरची चादर ओढली. निळं आकाश तसंच होतं. मध्ये ते बदक.

"हे मांजर कोणी काढलं?"

"बदक आहे ते. हात लावू नको, दुरुस्तीवाल्याने सांगितलंय, कशाला म्हणजे कशालाही..."

पण मशीनच्या बाबतीत बाई आयुष्यभर एकाच रीतीने वागत आल्या होत्या. शिवणयंत्रात दोरा गुंतला की वीज बंद करायची, मधे जे काही अडकलंय ते उपटून काढायचं, आणि नव्याने सुरुवात करायची. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. निळं आकाश मावळलं. मग दोन्ही पेनड्राईव्ह, केसातल्या पिना काढाव्यात तसे, उपसून टेबलावर टाकले आणि आधी भिंतीवरचं, मग कॉम्प्युटरचं बटण चालू केलं. ग्रंथपालांनी पुन्हा डोळे मिटले.

आधी काहीच झालं नाही. मग आतून एक आवाज आला. घरघर. मग खोकला. मग पुन्हा घरघर. वाटाणे सोलायला घेतले असते तर पातेलं भरलं असतं. पण त्या दिवशी तो आवाज ग्रंथपालांना सनईसारखा लागला. हळूहळू जुनी स्क्रीन उमटली, आणि तिच्यावर ते चित्र, कोपऱ्यात बाण असलेलं. बाईंनी त्याच्यावर टिचकी मारली. पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून कॉलरच्या अर्ध्या वाक्यापर्यंत, आकृत्यांसकट.

ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला तो इतक्या जोरात की आवाज शेजारीही गेला असेल. बाईंनी मात्र पदराने डोळे टिपले, आणि धूळ फार झालीय म्हणाल्या.

दुरुस्तीवाला आला तेव्हा दोघं बाहीचं प्रकरण वाचत बसली होती. त्याने मेहुण्याचा पेनड्राईव्ह पाहिला, ग्रंथपालांनी काय काय केलं ते विचारलं, आणि हसला. "काका, तुम्ही 'वापरून पाहा' दाबलंत. त्यात सगळं पेनड्राईव्हवरूनच चालतं. कॉम्प्युटरमधलं काही हलत नाही. तुम्ही काहीच बसवलेलं नाही." मग त्याने आधी पुस्तकाची खरीखुरी प्रत काढून दिली. ती बाईंनी सुयांच्या डब्यात ठेवली.

ग्रंथपालांना केवढं हायसं वाटलं. आणि त्याच्या तळाशी, अगदी थोडंसं, वाईटही वाटलं. आयुष्यात एकदा डोळे मिटून धाडस केलं, आणि बोट नेमकं भित्र्या ओळीवर पडलं.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. दाजी, ताईला कळलं का, असं तो कुजबुजत होता. फोन ताईनेच घेतला होता.

"कळलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इस्त्रीसारखा सपाट आणि गरम होता. "उद्या सकाळी ये. सगळं पुन्हा टाइप करायचंय. मी सांगेन, तू टाइप कर. एका बोटाने."

मेहुणा खरोखरच आला, तोंड इवलंसं करून. बाईंनी त्याच्याकडून कॉलरचं अख्खं प्रकरण टाइप करून घेतलं, आणि मगच खरं काय ते सांगितलं.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत ग्रंथपालांनी हातात घेतली, वास घेतला, सवयीने पहिलं पान उलटलं. साऱ्या जन्मात शेकडो लेखकांची पुस्तकं सांभाळली, पण एकाही पुस्तकात त्यांचा उल्लेख नव्हता. या पुस्तकात अर्पणपत्रिकेचं अख्खं पान त्यांच्यासाठी राखलेलं होतं. त्यावर छापलं होतं:

'माझ्या यजमानांना. ऐन वेळी त्यांनी काहीही केलं नाही, म्हणून हे पुस्तक तुमच्या हातात आहे.'