अध्यक्षांची मोटार उकळते

एका जंगलात, बाळांनो, रस्ता एकच होता आणि मोटारही एकच. मोटार जुनी होती. इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावरून दोन कावळ्यांचं बोलणं बंद झालं होतं.

ही मोटार गुणाजीराव अस्वलाची. गुणाजीराव म्हणजे मध बचाव समितीचे अध्यक्ष. मध वाचवायला अस्वल कसं नेमलं, असं विचारू नका. मोठे झालात की तुम्हीही असंच नेमाल.

अध्यक्ष झाल्याबरोबर गुणाजीरावांनी एक पितळी पाटी करून घेतली. चांगली परातीएवढी. त्यावर ठसठशीत अक्षरांत 'अध्यक्ष'. ती त्यांनी मोटारीच्या तोंडावर, जाळीच्या बरोब्बर मधोमध बसवली. तेव्हापासून जनावरं रस्त्यातून बाजूला होऊन माना लववू लागली. आणि तेव्हापासूनच मोटार उकळू लागली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं तुमच्या मनात आलं ना? येणारच. तुम्ही लहान आहात. जंगलात सगळे मोठे होते.

सपाटीवर मोटार बरी चाले. घाट लागला की काटा लाल रेघेला टेकायचा, बॉनेटमधून वाफ निघायची आणि अध्यक्ष रस्त्याच्या कडेला बसायचे. अशा बसण्यातच भाचीचा साखरपुडा चुकला होता. आता घाटापलीकडे त्याच भाचीचं, सोनकीचं, लग्न होतं. बहिणीचा निरोप आला:

"दादा, या खेपेला वेळेवर ये. मुलीला मंडपात आणायला मामा लागतो. तू नाही पोचलास, तर शेजारच्या अंतोबा तरसाला उभा करीन."

गुणाजीराव खुर्चीतून उठलेच. अंतोबा! ज्याला रडू आलं तरी हसल्यासारखं दिसतं, तो सोनकीचा हात धरणार? सोनकी एवढीशी असताना तिला पाठीवर घेऊन जांभळाच्या झाडावर कोण चढायचं? गुणाजीराव! जांभळं निम्मी स्वतः खायचे, ते सोडा.

त्यांनी तडक मोटार हुप्प्या वानराच्या गॅरेजात नेली.

हुप्प्या मिस्त्रीची कामाची पद्धत मोठी सोवळ्याची. आधी तो अध्यक्षांची पाटी काढायचा, धुतलेल्या फडक्यावर ठेवायचा, तिला नमस्कार करायचा आणि मगच बॉनेट उघडायचा.

"थर्मोस्टॅट गेलाय साहेब," तो म्हणाला. "पाणी अडतंय. बदलतो."

बदलला. घाटात चक्कर मारून आला. काटा मधल्या रेघेवर शांत. मग पाटी पुन्हा बसवली, तिला फूल वाहिलं, आणि गुणाजीराव मोटार घेऊन निघाले. घाटाचं पहिलंच वळण लागलं आणि वाफ!

"थर्मोस्टॅट नव्हताच मग," हुप्प्या म्हणाला. "पाण्याचा पंप असणार."

पाटी काढली, नमस्कार केला, पंप बदलला, चक्कर मारली. थंडगार! पाटी बसवली, गुणाजीराव निघाले. वाफ!

मग पाइप बदलले, पंख्याचा पट्टा बदलला, रेडिएटर उलटा करून धुतला. त्यातून एक बेडूक निघाला. तो म्हणाला, आत फार उकडतं.

"अरे, तुझ्या हातात उकळत नाही आणि माझ्याच हातात कशी उकळते?" गुणाजीराव वैतागले.

हुप्प्यानं डोकं खाजवलं. "साहेब, बोलू नये, पण गाडीवर तुमचं दडपण येत असावं."

हे ऐकून गुणाजीरावांना उगाचच बरं वाटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. गुणाजीरावांच्या पत्नी यमुनाबाई शालू नेसून पुढच्या सीटवर बसल्या. घाट लागला. काटा चढला. वाफ आली. मोटार थांबली.

बघ्यांना बोलवावं लागत नाही. घोरपड आली, साळिंदर आलं, रानरेड्यांचा कळपच आला.

"झाकण उघडून गार पाणी ओता," घोरपड म्हणाली.

"उघडा की," यमुनाबाई म्हणाल्या, "म्हणजे उकळतं पाणी आधी तुमच्याच तोंडावर येईल."

घोरपड दोन पावलं मागे सरकली.

"माझ्या मेव्हण्याची पद्धत सांगतो," साळिंदर म्हणालं. "हीटर लावा. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो."

म्हणून दोन अस्वलं, अंगभर केस, भर उन्हात हीटर लावून बसली. मोटार वळणभर पुढे गेली. पण आत यमुनाबाईंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं, आणि मोटार पुन्हा थांबली.

यमुनाबाई उतरल्या. मोटारीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, एक विचारू? त्या मिस्त्रीनं चक्कर मारली, तेव्हा ही पाटी कुठे असायची?"

"फडक्यावर. का?"

"मग वारा आत जायचा कुठून, तेवढं बघा."

गुणाजीराव पुढे आले. त्यांनी पाटीमागे पंजा घातला. भट्टी! पाटीच्या कडेला धरला. तिथे घाटाचा वारा सुळकन आत जात होता. त्यांना कळलं. बाळांनो, अगदी पंजापासून शेंडीपर्यंत कळलं. आता स्क्रू काढले की मोटार चढणार, मुहूर्त गाठणार, सोनकीचा हात हातात येणार.

तेवढ्यात एका रानरेड्यानं पाटीवरची धूळ शेपटीनं झटकली आणि मान लववली.

गुणाजीरावांनी पंजा मागे घेतला. घसा खाकरला.

"इंजिनाचं हेडगॅसकेट गेलं असणार," ते म्हणाले.

यमुनाबाईंनी शालू खोचला आणि त्या पायवाटेनं घाट चढू लागल्या.

अध्यक्षांना मागे सोडायचं कसं, म्हणून रानरेड्यांनी मोटारीला वेली बांधल्या आणि ओढायला लागले. गुणाजीराव स्टिअरिंग धरून ताठ बसले. वाटेत सगळ्यांनी नमस्कार केले. अशी शोभा त्या घाटानं कधी पाहिली नव्हती. हळूहळू, फार हळूहळू, मोटार वर पोचली.

मंडपात अक्षता पडून गेल्या होत्या. पंगती उठल्या होत्या. अंतोबा तरस एका कोपऱ्यात डोळे पुसत हसत होता. बहीण गुणाजीरावांकडे न बघता पत्रावळी गोळा करत राहिली.

सोनकी मात्र धावत आली. "मामा, आलात! बरं झालं. नवऱ्याचं घर डोंगरावर आहे, चालून चालून पाय मोडतील. मामी सांगत होती, ती पाटी काढली की गाडी चढते. काढता?"

"अगं वेडे," गुणाजीराव हळूच म्हणाले, "पाटी काढली तर तुझ्या सासरच्यांना कळणार कसं, मामा कोण आहे ते?"

सोनकीनं मंडपातल्या अंतोबाकडे पाहिलं.

"त्यांना माहीत आहे मामा," ती म्हणाली. "मगाशी पाया पडलेत ते त्यांच्या."

आणि ती नवऱ्यामागून डोंगर चढायला लागली. अंतोबा तिची पेटी डोक्यावर घेऊन पुढे चालला होता. गुणाजीराव मोटारीत बसून राहिले. येणारेजाणारे वऱ्हाडी पाटीला नमस्कार करत होते. ते प्रत्येकाला मान डोलावत होते.

तात्पर्य: जुनी मोटार उकळू लागली, तर तिच्यातली एकूण एक वस्तू बदलावी, फक्त पाटीला हात लावू नये. मामा काय, कोणालाही होता येतं.