सासरेबुवांच्या सिगारपेटीचं झाकण

सुतारकामात मला कुणी काही शिकवायची गरज नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. ड्रॉइंगच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या रेघा मारणारा माणूस घरी येऊन एक साधी पेटी करू शकणार नाही?

पेटी सासरेबुवांसाठी होती. त्यांनी जन्मभर मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळलं. आता ते आमच्याकडेच राहतात. महिन्याकाठी एक सिगार, एवढाच काय तो त्यांचा शौक. सिगारला म्हणे जरा ओल लागते, नाहीतर ती वाळक्या काटकीसारखी तडकते. म्हणून पेटीत एक ओला स्पंज, ओल मोजायची तबकडी आणि घट्ट झाकण. स्पंज आणि तबकडी विकतची होती, त्यामुळे ती उत्तम चालत होती. झाकण माझं होतं. वर्षभर सासरेबुवा तडकलेल्या सिगारी ओढत राहिले आणि "छान लागते" म्हणत राहिले.

मग त्यांच्या जुन्या कप्तानाचं पार्सल आलं. आत दोनच सिगारी आणि एक चिठ्ठी: 'दोघांनी मिळून ओढायच्या. एकट्याने ओढलेली मला कळेल.'

दुसरा म्हणजे जहाजावरचा आचारी. अकरा वर्षांपूर्वी निरोपाच्या जेवणात सासरेबुवा म्हणाले होते, की याच्या सूपपेक्षा समुद्र कमी खारट आहे. त्यावर आचारी म्हणाला, की आपलं जहाज याच्या इंजिनावर नाही, लाटांच्या मेहेरबानीवर चालतं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. सासरेबुवांनी चार दिवस विचार केला, फोनपर्यंत सहा वेळा गेले, आणि सातव्या वेळी लावला. येत्या रविवारी चारला भेट ठरली.

"विकतची पेटी आणू या का?" बायकोने विचारलं. काही अपमान गिळायचे असतात.

आधी फट शोधायला हवी होती. त्यासाठी पेटीत पेटती बॅटरी ठेवायची, झाकण लावायचं आणि अंधारात बसून उजेड कुठून येतो ते बघायचं. भरदुपारी अंधार फक्त जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत होता. विजेचा मीटरही तिथेच असतो, हे मी विसरलो. बायकोने मीटर बघायला आलेल्या माणसाला खुशाल आत पाठवलं. त्याने दार उघडलं तर समोर मी, मांडी घालून, मांडीवर झळाळणारी पेटी, आणि पुटपुटतोय, "उजव्या कोपऱ्यातून जातोय."

"कोण जातोय?" त्याने हळूच विचारलं.

"उजेड," मी म्हणालो.

त्याने आकडा लिहून घेतला आणि जाता जाता बायकोला सांगितलं, की साहेबांना जरा विश्रांती द्या.

मी आधी झाकणाला खिडकीची फोमची पट्टी चिकटवली. सासरेबुवांनी पेटीत नाक घातलं आणि टायरच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय, असं प्रेमाने सांगितलं. पट्टी काढली. मग पेटीच्या आतून चारही बाजूंना पातळ लाकडी फळ्या बसवल्या, काठाच्या अर्धं बोट वर येतील अशा, म्हणजे झाकण त्यांच्यावर टोपीसारखं बसेल. झाकणात कागदाची चिठ्ठी धरून ओढली, ती कुठूनच सुटेना. बॅटरीचा उजेड तसूभर दिसेना. शनिवारी संध्याकाळी मी दोन्ही सिगारी आत ठेवल्या, कमी पडू नये म्हणून स्पंज सढळ हाताने भिजवला आणि झाकण लावलं.

रविवारी आचारी आला तो ठरल्या ठोक्याला. दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसले. हवा बरी आहे, यावर एकमत झालं आणि विषय संपले. बायकोने कॉफी दिली, तीही संपली. सासरेबुवा नुसते हाताची नखं बघत होते. मी घाईघाईने पेटी आणली आणि झाकण उचललं.

झाकणाबरोबर पेटीही वर आली.

लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं. मी ओढलं, बायकोने खालून धरलं, मी पुन्हा ओढलं. पेटी तोंड मिटून गप्प.

"आण इकडे," आचारी म्हणाला. "जन्मभर अडकलेले डबेच उघडलेत." त्याने चमचा मागवला.

"चमचा नको, ओरखडे पडतील," सासरेबुवा म्हणाले. "गरम केलं की सुटेल."

बायकोने केस वाळवायचं मशीन आणलं. आचारी मशीनकडे बघत म्हणाला, "गरम झालं की तुझं इंजिन तर बंद पडायचं."

सासरेबुवांनी मशीन हातात घेऊन बाजूला ठेवलं.

"आणि तुझं सूप थंड झालं तरी खारटच," ते म्हणाले, आणि अकरा वर्षांचं साठलेलं हसू दोघांना एकदमच फुटलं.

मग नांगर ओढावा तसे दोघे दोन बाजूंनी भिडले. फट्कन आवाज झाला. आचारी झाकणासकट सोफ्यावर, सासरेबुवा पेटीसकट सतरंजीवर. सिगारी पोतेऱ्यासारख्या भिजलेल्या होत्या. अख्खी काडेपेटी संपली, पण एकही पेटली नाही. त्या न पेटलेल्या सिगारी तोंडात धरून दोघे दिवेलागणीपर्यंत कप्तानाच्या गोष्टी सांगत बसले.

आता आचारी दर रविवारी येतो. जाताना पुढच्या रविवारसाठी स्वतः आणलेल्या दोन सिगारी पेटीत ठेवतो, आणि लाकूड अजून फुगलेलंच असल्यामुळे पुढच्या खेपेला आल्या आल्या बाह्या सरसावून दोघे झाकणाला भिडतात. तासभर तरी जातो. मला बिचाऱ्यांची दया आली. गेल्या आठवड्यात कुणाला न सांगता मी पेटी वाळवली, फळ्यांना पॉलिशपेपर मारला आणि स्पंज नीट पिळून ठेवला.

रविवारी आचाऱ्याने बाह्या सरसावल्या आणि झाकणाला बोट लावलं. ते अलगद उघडलं. आत दोन सिगारी, अगदी हव्या तशा.

आचाऱ्याने बाह्या पुन्हा खाली केल्या. सासरेबुवांनी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे वळले.

"जावईबापू," ते कळवळून म्हणाले, "चांगलं झाकण बिघडवलंत हो."