एकतीस डब्या, एक वगदी

माणूस आजारी पडतो तो तपासणीमुळे, ही गोष्ट आता वादातीत आहे. आमचाच विभाग घ्या. तपासणीचं परिपत्रक येण्याआधी आमच्याकडे आजारी माणसांचं प्रमाण शून्य टक्के होतं. ही आकडेवारी मी स्वतः तयार केली आहे, कारण आकडेवारी तयार करण्याचं काम माझ्याकडेच आहे. पद्धत सोपी होती. सकाळी हजेरीच्या वेळी मी प्रत्येकाला 'तब्येत कशी?' म्हणून विचारायचो, प्रत्येक जण 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचा, आणि मी त्याच्या नावापुढे 'उत्तम' लिहायचो. हाजी मुतवल्ली खुर्चीत बसल्या बसल्या गेले, त्या दिवशीही त्यांच्या नावापुढे 'उत्तम'च आहे. (ते पावणेदहाला गेले. हजेरी नऊला होते.)

आमचा विभाग म्हणजे 'लहान पूल व मोऱ्या नोंदणी विभाग', कफ्र अल-सन्त. नाईलच्या कालव्यांवरचे जे पूल इतके लहान आहेत की कुणी त्यांच्याकडे बघत नाही, त्यांच्याकडे आम्ही बघतो. पुलाला तडा गेला की तो आम्ही वहीत नोंदवतो. बुजवण्याचं काम दुसऱ्या खात्याकडे आहे. 'केसाएवढा तडा आज दिसला तर उद्याचा पूल वाचतो,' असं आमच्या जिन्यात ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. कर्मचारी एकतीस, सगळे पंचेचाळीसच्या पुढचे, कारण बावीस वर्षांत नवी भरती झालेली नाही.

तर गेल्या वर्षी परिपत्रक क्रमांक २१४ आलं. पंचेचाळीस वर्षांवरील प्रत्येक कर्मचाऱ्याने सोबतच्या डबीत स्वतःच्या शौचाचा नमुना सात दिवसांत आरोग्य केंद्रात सादर करावा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं आणि आतड्याचा कर्करोग वेळीच पकडता येतो, असा मजकूर होता. आवक शाखेच्या मॅडम कवसर यांनी तो मोठ्याने वाचला. कर्करोग हा शब्द येताच त्या थांबल्या आणि 'तो आजार, तुमच्यापासून दूर राहो' असं म्हणून पुढच्या ओळीवर गेल्या. सोबत निळ्या झाकणाच्या एकतीस डब्या होत्या.

सात दिवसांपैकी चार दिवस साधकबाधक चर्चेत गेले. मॅडम कवसर यांचा मुद्दा मूलभूत होता: डबी हे पत्र समजायचं की वस्तू? आमचे मुदीर, म्हणजे विभागप्रमुख, लुत्फी बे यांनी त्यावर जो निर्णय दिला, तो प्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी पाठ करावा असा आहे. "रिकामी असेपर्यंत वस्तू. भरल्यावर गोपनीय कागदपत्र." त्यामुळे झाकणावर गरुडाचा सरकारी शिक्का मारणं ओघानेच आलं. भांडारपालाचा आक्षेप निराळा होता. त्याच्या मते आपल्याला मुळात तपासणीची गरजच नाही, कारण आपल्याला काय झालंय हे आपल्याला माहीत असतं.

ते खरंही आहे. आमच्याकडे पोट दुखलं, डोकं दुखलं, मुलीचं लग्न मोडलं, तरी निदान एकच: आतडं आणि त्याच्या नसा. उपायही एकच: जिऱ्याचं गरम पाणी. (मी स्वतः वर्षभर दिवसातून तीनदा घेतो आहे. गुण आहे. कमरेचा पट्टा तेव्हाच तिसऱ्या भोकावरून चौथ्यावर आला होता.)

मार्ग शेवटी लुत्फी बे यांनीच काढला. आमच्या विभागाची परंपरा सहकाराची आहे. एक जण चौघांच्या सह्या करतो, एक जण सहा घरांसाठी पावाच्या रांगेत उभा राहतो. मग हेच एक काम एकतीस जणांनी वेगवेगळं करायचं, म्हणजे मनुष्यबळाची उधळपट्टी. "शिवाय विभागाच्या अब्रूचा प्रश्न आहे," बे म्हणाले. "वर पाठवायचं तर चांगलंच पाठवावं. आपल्यातला जो सर्वांत ठणठणीत, त्याचं पाठवू."

सर्वांत ठणठणीत कोण, यावर मतदान घेण्याची वेळच आली नाही. जावक शाखेचा वगदी शलबी. वय त्रेपन्न. सिगारेट नाही. सोमवार-गुरुवार रोजा. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने येतो (लिफ्ट बंद आहे, पण तो कुरकुर न करता येतो). खिशात सदैव खारवलेल्या तुरमुसाच्या बिया, त्याही सालासकट खाणारा. आणि काहीही न करता गेल्या ईदपासून आठ किलो उतरलेला. या शेवटच्या मुद्द्यानंतर त्याच्या प्रकृतीबद्दल कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

"म्हणजे मीच? सगळ्यांचं?" वगदीने विचारलं.

"अरे, मान आहे हा!" दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"मान आहे हो, पण एकतीस वेळा..."

"तीन दिवस आहेत की अजून. आणि एकदाच जा, वाटून भर. डबी केवढीशी आहे!"

वगदी भिडस्त माणूस. त्याने 'नाही' म्हटल्याचं मला आठवत नाही. चहाची खोली सांभाळणारी उम्म रीहाम तेवढी दारात ट्रे घेऊन उभी होती. ती रोजंदारीवर आहे, पटावर नाही, त्यामुळे परिपत्रकाच्या दृष्टीने तिला आतडं नाही. तरी ती बोललीच. "वगदीसाहेबांची डबी तुमच्या पोटातलं काय सांगणार, साहेब?" प्रश्न पटाबाहेरच्या व्यक्तीने विचारल्यामुळे त्याला उत्तर देण्यात आलं नाही.

डब्या मुदतीच्या आत गेल्या. जिल्ह्यात शंभर टक्के सहभाग देणारा आमचा एकमेव विभाग. बे यांना अभिनंदनाचं पत्र आलं.

नऊ दिवसांनी निकाल आला. एकतीसपैकी एकतीस: रक्त आढळले.

त्या सकाळी आमच्या विभागात जे झालं ते मी विसरणार नाही. मॅडम कवसर यांनी तेरा वर्षं अबोला धरलेल्या बहिणीला फोन लावला. भांडारपालाने कपाटाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसला. लुत्फी बे शिपायाला 'बाळा' म्हणाले. असा तासभर गेल्यावर भांडारपाल एकदम ओरडला, "थांबा! पण त्या आपल्या नव्हत्याच की!"

काय तो आनंद सांगू! तीस माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणीतरी गुलाबाचं सरबत मागवलं. मॅडम कवसर यांनी बहिणीला पुन्हा फोन करून अबोला परत चालू केला. मीही सगळ्यांच्या गळ्यात पडलो, वगदीच्याही. तो माझ्या पाठीवर थोपटून 'मबरूक, मबरूक' म्हणत माझं अभिनंदन करत होता. त्याचा हात गार होता.

मग आमचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

"लोणच्याचा रंग असेल," वगदी हळूच म्हणाला. "मी ते सलगमाचं लाल लोणचं खातो ना. दिसतं अधूनमधून लाल."

"कधीपासून?"

"रमजानपासून."

"मग आतडंच!" आम्ही एकमताने म्हणालो, आणि त्याला जिऱ्याचं पाणी दिलं.

यानंतर आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नशवा यांचं पत्र आलं. 'एकतीसही नमुने एकाच व्यक्तीचे असावेत असे दिसते. ती व्यक्ती कोण, ते कळवावे. तिला तातडीने बोलावणे आहे.' उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. तीस माणसांच्या नोकऱ्या एका वाक्यावर होत्या. मी लिहिलं: 'संदर्भित वर्णनाची व्यक्ती या विभागात कार्यरत नाही.' बे यांनी दोनदा वाचून माझी पाठ थोपटली. वाक्य सुबक होतं, ते मी आजही नाकारत नाही. पत्र जावक शाखेत गेलं. पाकिटाला डिंक वगदीनेच लावला.

नमुने एकाच माणसाचे नाहीत म्हटल्यावर प्रश्न उरला की एकतीस माणसांना एकदम तोच आजार कसा? चौकशी समिती आली. तिने गच्चीवरच्या टाकीत उतरून एक कबूतर जप्त केलं (मृत, वय अज्ञात). निष्कर्ष निघाला: पाणी दूषित, डब्या सदोष, निकाल रद्द. एकतीस जणांना गरुडाच्या शिक्क्यासह निरोगीपणाची प्रमाणपत्रं मिळाली. वगदीलाही. एकाच माणसाला त्याच्या शरीराने एकतीस वेळा इशारा द्यावा, आणि एकतीस वेळा दिला म्हणूनच तो रद्द व्हावा, हे फक्त चोख कारभारातच घडू शकतं. (माझं प्रमाणपत्र मी चौकटीत बसवलं. खिळा ठोकायला खुर्चीवर चढलो तर धाप लागली आणि विजार सरकली. पट्टा पाचव्या भोकावर घेतला.)

वगदीने एकदा मात्र विचारलं. "बे, मी जाऊन सांगून टाकू का? मला जरा... सकाळी रक्त जास्त होतं."

लुत्फी बे यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. "वगदी, तीस घरांचा विचार कर. खोटे नमुने म्हणजे गुन्हा होतो, बाबा. आणि तुझ्याकडे प्रमाणपत्र आहे ना? शिक्का आहे ना त्याच्यावर? मग?"

वगदी तीस घरांचा विचार करत जागेवर जाऊन बसला, आणि चाळीस दिवस बसला. त्याचा चेहरा रोज थोडा पिवळा होत होता. मी समोरच बसतो. मला दिसत होतं. हजेरीत मी 'उत्तम' लिहीत होतो.

एकेचाळिसाव्या दिवशी उम्म रीहामने त्याच्यासमोर चहा ठेवला नाही.

"माझा चहा?" वगदी म्हणाला.

"नाही मिळणार. माझ्या नवऱ्याचंही आतडंच होतं. सहा महिने जिऱ्याचं पाणी मीच उकळून देत होते, ह्या हातांनी. शेवटी डॉक्टर म्हणाले, बाई, आतडंच आहे, पण आता फार उशीर झालाय." मग ती आमच्याकडे वळली. "पुलाला चीर पडली की वहीत लिहिता, मोठ्ठे साहेब! हा माणूस तुमच्यासमोर चिरत चाललाय, आणि तुम्ही साखर कमी आहे म्हणून मला ओरडता. ऊठ रे वगदी. एकट्याला भीती वाटते ना? मी येते."

तिने 'रे' म्हटलं, तरी कुणी हरकत घेतली नाही. ती चहाच्या खोलीला कुलूप लावून त्याला घेऊन गेली. त्या दिवशी विभागाला अकराचा चहा मिळाला नाही. (ही घटना गंभीर म्हणून नोंदवण्यात आली आहे.)

पुढचं उम्म रीहामने सांगितलं. डॉक्टर नशवा वगदीकडे बघून म्हणाल्या, "आलात? एकतीस डब्यांत तीच तुरमुसाची सालं! मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुमच्या विभागाने कळवलं की तुम्ही नाहीच आहात."

"पाकीट मीच चिकटवलं होतं, डॉक्टर," वगदी म्हणाला.

डॉक्टरबाईंनी आमची तक्रार केली नाही. त्यांना आमच्यापेक्षा वगदीची घाई होती. अलेक्झांड्रियाला दुर्बीण घालून बघितलं, गाठ निघाली, आतड्याच्या भिंतीतच होती, बाहेर पसरली नव्हती. वीतभर आतडं कापून काढलं. आणखी वर्ष गेलं असतं तर काय, असं वगदीच्या बायकोने विचारलं, तेव्हा सर्जनांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून कागद तिच्या हातात दिला म्हणे.

तीन महिन्यांनी वगदी जिना चढून आला, गालांवर रंग घेऊन, खिशात तुरमुस घेऊन. मला रडू आलं. तसा रकाना नाही, तरी नोंदवतो. (उठून मिठी मारताना पट्टा सहाव्या भोकावर होता.)

या प्रकरणातून आमच्या विभागाने काढलेला निष्कर्ष शास्त्रीय आहे. एकतीस जणांत खरी तपासणी झालेला माणूस एकच, आणि नेमका तोच आजारी निघाला. उरलेले तीस, ज्यांना तपासणीचा स्पर्शही झाला नाही, ते आजही उत्तम आहेत. वही माझ्याकडे आहे, बघू शकता.

आता यंदाचं परिपत्रक आलं आहे. एकतीस डब्या, या वेळी झाकणं हिरवी. साहजिकच सगळे वगदीकडे गेले. "आता तर तुझं आतडं अलेक्झांड्रियाहून दुरुस्त होऊन आलंय!" भांडारपाल म्हणाला. "याच्याहून चांगला माल कुठे मिळणार?"

"नाही," वगदी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच. "यंदा ज्याची त्याने द्यायची." आणि त्याने प्रत्येकाच्या टेबलावर त्याचं नाव लिहून डबी ठेवली. माझ्यापाशी तो थांबला. "सब्री, निदान तू तरी दे. पट्टा बघ तुझा."

"जिऱ्याचा गुण आहे," मी म्हणालो.

काल बैठक झाली. नव्या माणसाची निवड करायची होती. सिगारेट सोडलेला (हल्ली वासानेच मळमळतं), जिना शांतपणे, दर पायरीवर विचार करत चढणारा, आणि काहीही न करता अकरा किलो उतरलेला एकच माणूस विभागात असल्याचं सर्वांच्या लक्षात आलं. निवड एकमताने झाली. वगदीने विरोधात हात वर केला, तो बैठकीच्या वृत्तांतात घेतलेला नाही. वृत्तांत मीच लिहितो. उम्म रीहामने कालपासून मला चहा दिलेला नाही. घरी बायको म्हणाली, तुम्ही हल्ली कॉलेजातल्यासारखे दिसता. चांभाराकडून पट्ट्याला सातवं भोक पाडून घेतलं आहे.

तीस डब्या समोर मांडल्या आहेत. मान आहे, नाही कसं म्हणणार? तुमचीही एखादी असेल तर पाठवून द्या. तिसात एकतिसावी जड नाही. नाव ठळक लिहा, आणि वय. पंचेचाळीसच्या पुढचंच असेल ना? मला वाटलंच. माझ्या पट्ट्याची भोकं इतक्या बारकाईने मोजत आलात, त्या अर्थी स्वतःच्या पट्ट्याकडे बघायला तुम्हालाही सवड झालेली दिसत नाही.