होडी पास करायला निघालेले मोघेसाहेब

मोघेसाहेब शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, हातोडी ठेवतात. बोटभर लांबीची, पितळी तोंडाची. बाजारात नारळावर टक टक, लिफ्ट आली की दारावर टक टक, आमच्या ब्लॉकखालच्या सिमेंटच्या बाकावर बसण्याआधी टक टक. मग मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. तो बाक नापास आहे. चार वर्षं झाली, साहेब त्याच्या एका टोकाला बसतात आणि मलाही मधे बसू देत नाहीत.

"तांडेल, मधे पोकळ आहे."

"अहो, रोज त्यावर पाच-पाच माणसं बसतात. उभा आहे की अजून."

"उभा आहे म्हणजे पास आहे असं नाही."

एकदा स्वतःच्याच गुडघ्यावर हातोडी वाजवून म्हणाले, "पत्रा पातळ झालाय." हसले नाहीत. त्यांच्या धंद्यात हसत नसावेत.

हा माणूस जन्मभर जहाजांचा सर्व्हेयर होता. दुरुस्त झालेल्या जहाजाचा पत्रा न् पत्रा तपासायचा आणि मग कागदावर सही करायची. ती सही नसली तर जहाज धक्क्यावरून हलत नाही. मी इथे सिंगापुरात, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर. शाळा चौथीपर्यंत, पण पत्र्याला पत्रा कसा जोडावा हे मला कोणी शिकवायला येऊ नये. तरी ह्या माणसाने एकदा माझा जोड नापास केला होता. सगळा घासून काढून पुन्हा भरावा लागला, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. त्यांना ते आठवत नाही, मला आठवतं. जोड खराबच होता. हे मी इथे लिहितोय. त्यांच्या तोंडावर कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

अशा माणसाला होडी घ्यायची होती.

साहेब आणि सुमतीवहिनी सिंगापूर सोडून कायमचे कोकणात निघाले होते, वहिनींच्या माहेरगावी. वीस फुटी कंटेनर ठरला होता. त्यात अर्धा संसार आणि अर्ध्यात होडी, असा साहेबांचा नकाशा. होडीला जागा व्हावी म्हणून वहिनींचं कपाट त्यांनी आधीच नकाशातून उडवलं होतं. वहिनी लहानपणी मामाबरोबर नदीवर गरवायला जायच्या, म्हणजे गळाने मासे धरायला. लग्नानंतर ते सुटलं. साहेब सदानकदा कुठल्यातरी बंदरात, आणि घरी आले की एकच आश्वासन: रिटायर झालो की तुला नदीवर नेतो.

आता वहिनींचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पण हे वाढत जाणार हेही सांगितलंय. एका दुपारी मी चहाला गेलो होतो. वहिनींनी कप उचलला तशी बशी वाजायला लागली. त्यांनी कप शांतपणे खाली ठेवला.

"भाऊजी, तुम्हीच सांगा ह्यांना. हात गळ धरतोय तोवर न्या म्हणावं. नंतर होडी आणून काय शोकेसमध्ये ठेवायची?"

साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "होडी योग्य हवी."

योग्य म्हणजे ड्रिफ्ट बोट. ही परदेशातल्या धावत्या नद्यांची होडी. तळ सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली. केळफुलाची एक पाकळी पाण्यावर सोडावी तशी. वीतभर पाण्यातही दगडांवरून निघून जाते. एवढं मला पटलं. पण हिच्यात वल्हवणारा पुढे तोंड करून बसतो, आणि होडी पुढे नेण्याऐवजी वल्ही मागे खेचून तिला थोपवत थोपवत प्रवाहाबरोबर सोडतो. हे मला पटलं नाही. मी खाडीवर वाढलेला माणूस. दोन वल्ही मारायची तर पाठ पुढे करून मारायची, आमच्या सात पिढ्या तशाच गेल्या.

"साहेब, साधी होडी घ्या. माझा चुलतभाऊ तिकडे बांधून देईल. कंटेनरही नको."

"नको. वल्हवणारा पुढे बघायला पाहिजे."

"ज्याला वल्हवता येत नाही त्याला बघावं लागतं पुढे."

ह्यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की साहेबांना खरंच वल्हवता येत नाही. चाळीस वर्षं जहाजांवर काढली आणि वल्ह्याला हात लावलेला नाही. घरात खुर्चीच्या दोन्ही हातांना दोन मॉप बांधून ते सराव करत होते. मी दारात उभा राहून बघितलं. वहिनी म्हणाल्या, "आठवडा झाला, सगळं घर वल्हवून झालं. फरशी मात्र पुसली जात नाही."

बरं, साहेब मासा खात नाहीत. पिढीजात शाकाहारी. ह्या होडीत वल्हवणाऱ्याला गळ टाकायलाही मिळत नाही, दोन्ही हात अडकलेले. मासा खायचा नाही, धरायचा नाही, आणि त्याच्यासाठी सिंगापूरच्या पार पश्चिम टोकाला, तुआसच्या उन्हात हिंडायचं. इथे मी मनातल्या मनात हात जोडले, पण तसं त्यांना दाखवलं नाही.

पहिली होडी तुआसलाच, एका कारखान्यात बनवलेली, ॲल्युमिनियमची. जोड मी तपासले, चांगले होते. साहेबांनी खिशातून घरचा चमचा काढून होडीत टाकला. खणकन आवाज झाला.

"मासा ऐकतो," साहेब म्हणाले. "सही होणार नाही."

दुसरी पलीकडे मलेशियात, जोहोरला, फायबरची, चकचकीत निळी. साहेबांनी गुडघ्यावर बसून वीत-वीत अंतरावर हातोडी वाजवली. पाऊण तास. मालक घड्याळ बघायला लागला. डाव्या कुशीला एका ठिकाणी आवाज बसका आला. माझ्याही कानाला लागला. आत थर सुटलेला. मालक म्हणाला, पाच वर्षं काही होणार नाही. साहेब त्याला समजावून सांगायला लागले की त्याने स्वतःसुद्धा ह्या होडीत बसू नये. तो संतापला. साहेबांना वाटत होतं आपण त्याच्यावर उपकार करतोय. आणि करतच होते.

तिसरी लिमने बांधलेली. लिम म्हणजे आमच्या यार्डातला जुना सुतार. सेम्बावांगला भाड्याच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून त्याने स्वतःसाठी चौदा फुटी लाकडी ड्रिफ्ट बोट केली, आणि ती पूर्ण झाली तेव्हा त्याची कंबर गेली, म्हणून विकायला काढली. साहेबांनी हातोडी वाजवली. सगळीकडे एकसारखा, भरलेला आवाज. मी लिमकडे बघितलं, लिमने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या कडेवरून हात फिरवला, कुठेही सांधा बोटाला लागला नाही.

साहेबांनी खिशातून एक सुतळी काढली, गाठ मारलेली. पुढच्या बैठकीसमोर एक लाकडी कठडा असतो. गळ टाकणारा उभा राहिला की मांड्या त्याला टेकवतो, म्हणजे तोल जात नाही. साहेबांनी सुतळी कठड्याला लावली.

"दोन इंच खाली घ्यावा लागेल."

"तुम्हाला तो गुडघ्यावर येईल," मी म्हणालो.

"माझ्यासाठी नाही. प्रवाशासाठी."

बायकोला प्रवासी म्हणणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. लिमने कठडा कापून खाली घेतला, कडा गोल केल्या, वर काथ्याची दोरी गुंडाळली. झालं. कंटेनर शुक्रवारी भरायचा होता आणि आज बुधवार.

"अंकल, नाऊ ओके, लाह?" लिमने त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

साहेब होडीभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी. रंग तपासला. वल्ही अडकवायच्या आकड्यांत बोट घालून बघितलं. तिसरी फेरी सुरू केली तेव्हा मी आडवा उभा राहिलो.

"साहेब, काय खोट आहे ते सांगा. लिम आत्ता काढेल."

"खोट नाही."

"मग?"

"नाही हेच तर. खोट असली की काय करायचं ते मला कळतं." त्यांनी हातोडी खिशात ठेवली, पुन्हा काढली. "तांडेल, आजवर इतक्या जहाजांवर सह्या केल्या. त्यातल्या एकावरही माझं माणूस नव्हतं."

मी शेडच्या मागे गेलो आणि वहिनींना फोन लावला. आगाऊपणा झाला, मान्य आहे.

वहिनी टॅक्सीने आल्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात गळाची काठी. अर्ध्या तासात येण्याइतकं सगळं तयार होतं, म्हणजे बरेच दिवस तयार असणार. त्यांनी होडीला हात लावला, कठड्याला मांड्या टेकवून बघितल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला."

"आज? वारा बघावा लागेल. ओहोटी लागतेय."

"मला माहितीये. ओहोटीला मासा धक्क्याच्या खांबांजवळ येतो. चला."

मी, लिम आणि शेजारच्या शेडमधले दोघे, अशा चौघांनी होडी उतारावरून पाण्यात लोटली. साहेबांनी वहिनींचं लाइफ जॅकेट बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं, मग तिसऱ्यांदा बक्कल ओढून बघितलं. वहिनी लहान मुलासारख्या हात वर करून उभ्या होत्या. "मला घेऊन बुडायचं ठरवलंय की काय?" असं विचारल्यावर थांबले.

वहिनी पुढे, साहेब मधे वल्ह्यांवर, मी मागे. जुन्या धक्क्याच्या खांबांजवळ पोचेपर्यंत साहेबांनी होडी दोनदा गोल फिरवली. मॉप आणि वल्हं ह्यांत फरक असतो. शेवटी मला राहवलं नाही.

"साहेब, द्या इकडे. मी घेतो."

"नको."

"अहो, तळहात सोलतील."

"तुम्ही उलटे बसाल, तांडेल. तिच्याकडे पाठ करून." त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. "ती मला समोर दिसायला पाहिजे."

ड्रिफ्ट बोटच का, ह्यावर मी दोन महिने भांडलो होतो. सपाट तळ, उथळ पाणी, दगड, सगळी कारणं त्यांनी मला कागदावर काढून दाखवली होती. हे तेवढं सांगितलं नव्हतं.

वहिनी उभ्या राहिल्या. मांड्या कठड्याला टेकल्या, बरोबर टेकल्या. काठीचं टोक हवेत थरथरत होतं. पहिला गळ होडीच्या बाजूलाच पडला. दुसरा खांबाला अडकला. साहेब हळूच होडी मागे घेत गेले, तो सुटला. तिसऱ्या वेळी वहिनींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि काठी फेकली. दोरा लांब गेला. दोन खांबांच्या मधल्या सावलीत गळ अलगद पडला.

"हीच घ्या," वहिनी म्हणाल्या, मागे न बघता. "कपाट मी तांडेलभाऊजींना दिलं. आणि आता बोलू नका, मासे पळतात."

ओहोटीचं पाणी जोरात निघालं होतं आणि होडी त्याच्याबरोबर जायला बघत होती. साहेबांनी वल्ही पाण्यात घातली आणि मागे खेचली. पुन्हा घातली, पुन्हा खेचली. आता होडी फिरत नव्हती. त्यांच्या पाठीवर शर्ट भिजून चिकटला होता. वहिनी दोरा गुंडाळत होत्या, एकेक वेढा, हात थांबला की थांबत, मग पुढचा वेढा.

"अहो, थोडं धरून ठेवा."

"धरलंय," साहेब म्हणाले.

दोन्ही बाजूंनी पाणी चाललं होतं. शेजारचा धक्क्याचा खांब मघाशी होता तिथेच होता.